ट्रकच्या तोंडावरचे लोखंड

मांजरसुंब्याच्या घाटाजवळ रात्री अकरानंतर एखाद्या ढाब्यासमोर बाजेवर बसावे आणि रांगेने उभ्या ट्रकांची तोंडे पाहावीत. इंजिन तेच, केबिन तीच, कारखानाही बहुधा तोच. पण तोंडावरचे लोखंड प्रत्येकाचे निराळे असते. कोणाला कंपनीने दिलेला साधा बंपर असतो आणि त्याला लिंबू-मिरची बांधलेली असते. कोणी त्याच्यापुढे जाड चॅनेल बसवून घेतलेले असते. कोणाची नळ्यांची जाळी थेट काचेच्या खालच्या कडेपर्यंत चढलेली असते. एखाद्याच्या चॅनेलला मधोमध बाक आलेला दिसतो. त्याचे कारण विचारले, तर उत्तरात रानडुक्कर, रोही किंवा मोकाट वळू यांपैकी एक जण बहुतेक वेळा येतोच.

जनावर आडवे आले तर गाडी वाचावी, म्हणून पुढे काय लावावे? नवा ट्रक घेणाऱ्याचा हा अगदी व्यवहारी प्रश्न आहे. वेल्डिंगच्या दुकानात तो पाच मिनिटांत निकालात निघतो. मला मात्र हा प्रश्न बरीच वर्षे सोडत नाही. कारण लोखंडाने धडक नाहीशी होत नाही, ती दुसऱ्या कोणाकडे तरी सरकते. कोणाकडे सरकवायची, हे दर काळाने आपापल्या परीने ठरवले आहे.

सुरुवात जिल्ह्यापासून करू. बीड शहरात प्रवासी रेल्वे धावू लागली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर. परळीला निजामाच्या काळापासून आगगाडी होती, पण ती जिल्ह्याच्या पूर्व टोकाला. बाकीच्या बीडचे सारे येणे-जाणे रस्त्यावरून चाले. हैदराबाद संस्थानात निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी मोटारसेवा सुरू केली आणि हळूहळू तिचे जाळे संस्थानभर पसरले. तरी गावोगावचे रस्ते बैलगाडीचेच राहिले. बैलगाडीची आणि हरणाची धडक होत नाही. गाडीच्या चाहुलीने हरीण केव्हाच निघून गेलेले असते.

रस्ते खऱ्या अर्थाने वाढले ते दुष्काळाने. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात जी कामे निघाली, त्यांत पाझर तलाव आणि रस्ते ही मुख्य. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि ही पद्धत पक्की बसली. आमच्याकडची पन्नाशीच्या पुढची माणसे आजही एखाद्या रस्त्याकडे बोट दाखवून तो आपल्या आईने खडी फोडून केलेला असल्याचे सांगतात. या रस्त्यांनी माळ कापले. त्याच काळात पैठणच्या धरणाचे पाणी कालव्यांतून गेवराई-माजलगावकडे येऊ लागले, ऊस वाढला, आणि उसाच्या फडात रानडुकराला बाराही महिने आडोसा मिळाला. पश्चिमेकडे आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतले माळ कोरडेच राहिले. तिथे काळवीट आणि चिंकारा टिकले. म्हणजे ज्या दोन गोष्टींनी जिल्हा जगला, रस्ता आणि पाणी, त्यांनीच जनावर आणि चाक यांना समोरासमोर आणले.

तिसरी गोष्ट म्हणजे स्थलांतर. दिवाळी झाली की जिल्ह्यातले लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. बिऱ्हाड, पोरे, शेळ्या, कोयते, सगळे एका ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. या गाड्या रात्रीच चालतात. तुमच्या हाती हा अंक असेल तेव्हा त्यांतल्या कित्येक रस्त्यावर असतील.

आता ट्रककडे वळू. जमशेदपूरच्या टेल्को कारखान्याने जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार करून १९५४ साली ट्रक बनवायला सुरुवात केली. करार १९६९ पर्यंत चालला. त्यानंतर गाडीवर नुसते टाटांचे नाव राहिले. जुन्या चालकांच्या तोंडी ‘बेंझ’ हा शब्द मात्र पुढे कितीतरी वर्षे होता. पुढे १२१० हा आकडा खेड्यापाड्यांत पोचला. या आकड्यातले बारा म्हणजे भारासह गाडीचे बारा टन वजन आणि दहा म्हणजे इंजिनाची शंभराच्या आसपासची अश्वशक्ती, हे कोडे लहानपणी आम्हाला कोणी सांगितले नव्हते. आम्हाला तो गाडीच्या कुळाचा आकडा वाटे.

महत्त्वाची बाब अशी की कारखान्यातून पूर्ण ट्रक क्वचितच बाहेर पडे. बाहेर पडे ती चासी: इंजिन, चाके, पुढचा पत्रा आणि चालकापुरते उघडे आसन. अंगावर गोधडी घेऊन, डोक्याला फडके बांधून चासी चालवत नेणारे चालक महामार्गावर दिसत, ते याचमुळे. केबिन, हौदा, फळ्या, रंग हे सगळे गावातला मिस्त्री करी. त्यामुळे ट्रकचे तोंड अभियंत्याने कमी आणि सुतार-लोहाराने जास्त घडवले. मालकाला स्वतःच्या मनाप्रमाणे काही करता येईल अशा जागा थोड्याच होत्या. मागच्या फाळक्यावर काय लिहायचे आणि पुढे किती लोखंड लावायचे, या त्यांतल्या दोन. आपल्याकडे पहिल्या जागेवर पुष्कळ गमतीचे लेखन झाले आहे. दुसरीकडे कोणी फारसे पाहिले नाही.

जनावर हटवणाऱ्या लोखंडाची कल्पना मुळात मोटारीच्याही आधीची आहे, आणि ती समजून घ्यायला रुळांवर जावे लागते. १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी विल्यम हस्किसन हे खासदार ‘रॉकेट’ इंजिनाखाली सापडून मरण पावले. गणकयंत्राचा जनक म्हणून आपण ज्याला ओळखतो तो चार्ल्स बॅबेज त्या काळी रेल्वेच्या सुरक्षिततेवर विचार करत होता, आणि रुळांवरचा अडथळा बाजूला सारणारे एखादे साधन इंजिनापुढे असावे असे त्याने सुचवल्याचे त्याच्या आत्मकथनात आहे. अमेरिकेत आयझॅक ड्रिप्स या मेकॅनिकने १८३० च्या दशकात ‘जॉन बुल’ इंजिनापुढे तशी चौकट जोडली. त्याने आधी पुढे टोकदार सळया ठेवल्या होत्या, एक बैल त्यांत असा रुतला की तो काढायला कप्पी-दोरखंड आणावे लागले, आणि मग सळया जाऊन आडवी पट्टी आली, अशी हकिगत सांगितली जाते. खरी असो वा रचलेली, पण तिच्यात या साऱ्या इतिहासाचे बीज आहे. पहिला विचार गाडीचा झाला; जनावराचे काय होते, हे नंतर पाहिले गेले.

आगगाडीला वळता येत नाही, चटकन थांबता येत नाही आणि रूळ तिच्या एकटीच्या मालकीचा असतो. म्हणून तिच्यापुढची ती चौकट समर्थनीय ठरली. तरीही गंमत पाहा. ३० सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-गांधीनगर ‘वंदे भारत’ सुरू झाली आणि आठवड्याच्या आत, ६ ऑक्टोबरला, अहमदाबादजवळ म्हशींच्या कळपाला धडकून तिचे नाक फुटले. लोकांनी हसून घेतले. पण ते नाक फुटण्यासाठीच केलेले होते. धडक स्वतः पिऊन मागचा सांगाडा वाचवणे हे त्याचे काम. पुढे रेल्वेने नाक जाड केले नाही, मुंबई-अहमदाबाद मार्गाच्या कडेने कुंपण घातले.

‘फुटण्यासाठी केलेले नाक’ ही कल्पना मोटारींत आणणारा अभियंता बेला बारेनी मर्सिडीजचाच. गाडीचा मधला भाग कणखर आणि पुढचा-मागचा भाग चेपणारा असावा, हे त्याने पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला मांडले आणि १९५९ च्या मर्सिडीज गाडीत ते प्रत्यक्ष उतरले. ज्या कंपनीच्या करारातून आपले ट्रक निघत होते, तिच्याच घरात त्याच वर्षांत हे शहाणपण शिजत होते. आपल्याकडे मात्र तिची मजबुती तेवढी पोचली, आणि ‘जाड तेवढे चांगले’ हा समज घट्ट झाला.

याचा दोष मी मिस्त्रीला देत नाही. त्याचे गणित वेगळे होते आणि ते चुकीचेही नव्हते. सोळा टनांचा भरलेला ट्रक ताशी साठ किलोमीटर वेगाने चाळीस किलोच्या काळविटाला धडकला, तर ट्रकच्या वेगात ताशी जेमतेम दीडशे मीटरचा फरक पडतो. दोनशे किलोच्या रोह्याने तो ताशी पाऊण किलोमीटरपर्यंत जातो. केबिनमधल्या माणसाला फारतर एक ठोका ऐकू येतो. म्हणजे वजनाच्या हिशेबात ट्रकला कोणत्याही बंपरची गरज नाही. गरज आहे ती रेडिएटरला. जाळीमागे हातभर अंतरावर तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ नळ्या असतात. त्यांतली एक फुटली की पाणी जाते, इंजिन तापते, आणि ते ध्यानात यायच्या आत हेड वाकते. गाडी आडरानात उभी राहते. वर ऊस असेल तर तो वाळून वजनाला घटतो, आणि पैसे तर टनावर मिळतात. भाडे, दुरुस्ती, हप्ता हे सगळे त्या एका नळीवर लटकलेले असते.

मग चालक गाडी बाजूला का घेत नाही? कारण घेऊ नये, असेच जाणता उस्ताद किन्नरला शिकवतो. उसाने किंवा कापसाने डोक्यापर्यंत भरलेल्या गाडीचा तोल वर असतो. हिसका मारून वळवली तर ती कलंडते, आणि कलंडली तर माणसे जातात. ब्रेक दाबा, स्टेअरिंग सरळ धरा, जनावर लागायचे असेल तर लागू द्या. ऐकायला निर्दय वाटते, पण हौद्यात वीस माणसे झोपलेली असताना यापेक्षा वेगळे शिकवणार काय? बंपर लागतो तो या सरळ धरलेल्या स्टेअरिंगसाठी.

तेव्हा प्रश्न ‘लावावा की नाही’ यापेक्षा ‘कोणता’ असा उरतो, आणि इथे जनावर जनावरात फरक आहे. रानडुक्कर बुटके आणि अंगाने घट्ट. उंच जाळीचा त्याच्यापुढे काही उपयोग नाही. ते बंपरच्या खालून आत शिरते आणि पुढच्या ॲक्सलला, स्टेअरिंगच्या दांड्याला किंवा ऑइलच्या चेंबरला धडकते. त्याच्यासाठी बंपरची खालची कड खाली हवी. फार खाली आणली तर घाटातल्या खाचखळग्यांत आणि फडातल्या वाटेवर तीच घासते. रोही उंच, पाय लांब, धड थेट रेडिएटरच्या समोर. त्याच्यासाठी मधल्या उंचीवर, जाळीपासून वीतभर पुढे एखादी आडवी पट्टी कामाची. फार जवळ लावली तर पट्टीच रेडिएटरमध्ये घुसते. काळवीट आणि चिंकारा हलके, त्यांना कंपनीचा बंपर पुरतो. बैल-म्हशींना काहीच पुरत नाही.

जाणते मिस्त्री आणखी चार गोष्टी सांगतात. चासीला वेल्डिंग मारू नका, नटबोल्टाने कसा. उष्णतेने चासीचे पोलाद तिथेच कमजोर होते आणि पुढे तडा जातो. हवेची वाट अडवू नका, नाहीतर जनावराने न फुटलेला रेडिएटर नुसत्या उन्हाने तापेल. दिव्यांवर नळी येऊ देऊ नका. रात्री जे आधी दिसते ते टाळता येते. आणि केबिन पुढे कलणारी असेल तर जाळी इतकी उंच नको की केबिन उघडायला आधी जाळी काढावी लागेल. या चार गोष्टी पाळणारी किती तोंडे त्या ढाब्यासमोर दिसतात, ते मोजण्यासारखे आहे. निम्म्याहून अधिक लोखंड दिखाऊ असते. ते जनावरासाठी नसते, समोरून येणाऱ्या गाडीने दबावे म्हणून असते, आणि हे मालकालाही पक्के ठाऊक असते.

ऑस्ट्रेलियातल्या लांब पल्ल्याच्या ट्रकांपुढे कांगारू आणि गुरे यांच्यासाठी भल्या मोठ्या जाळ्या असतात. आपल्याकडे गाड्यांच्या जाहिरातींतून त्यांचीच नक्कल आली. पण तिथे दोन गावांमध्ये शेकडो किलोमीटर ओसाडी असू शकते. रेडिएटर फुटून उन्हात अडकणे हा जिवावरचा प्रसंग ठरतो. येडशीहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा, बीडमधून गेलेला सुमारे १९० किलोमीटरचा चौपदरी रस्ता तसा नाही. त्यावर दर काही किलोमीटरला फाटा आहे, शाळा आहे, एस.टी.चा थांबा आहे, दुचाकीवरून दूध घालायला निघालेला माणूस आहे. कांगारूसाठी केलेले लोखंड इथे बहुतेक वेळा त्याच्याच समोर येते.

हीच गोष्ट युरोपने पायी चालणाऱ्यांच्या बाबतीत ओळखली. कठीण लोखंडी नळी गुडघ्याला किंवा लहान मुलाच्या डोक्याला लागली तर काय होते, हे तपासून २००५ मध्ये युरोपीय संघाने हलक्या गाड्यांपुढच्या अशा चौकटींना कडक कसोट्या लावल्या आणि जुन्या पद्धतीची पोलादी जाळी नव्या गाड्यांवरून जवळजवळ गेली. आपल्याकडे डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार यांवर कारवाई करायला सांगितले. आधार होता १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२: नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली.

त्यानंतरच्या काही आठवड्यांत जीपगाड्यांची लोखंडे पटापट उतरली. ट्रकांची फारशी उतरली नाहीत. मला यात कायद्याची एक अडचण दिसते. ज्या गाडीचे निम्मे अंग वर्षानुवर्षे गावात बांधले गेले, तिच्या बाबतीत मूळ कोणते आणि बदल कोणता, हे रस्त्यावर उभा असलेला निरीक्षक कसे ठरवणार? आणि ट्रकपुढे खाली, भक्कम अशी पट्टी असण्यात एक रास्त हितही आहे: समोरून आलेली लहान गाडी ट्रकखाली घुसत नाही. युरोपात अवजड वाहनांना पुढून अशी संरक्षक पट्टी सक्तीची आहे. आपल्या नियमांतही ट्रकच्या मागच्या आणि बाजूच्या पट्ट्यांची सक्ती आहे. उसाच्या किती ट्रॉल्यांना ती दिसते, ते हंगामात रस्त्यावर उभे राहून पाहावे. म्हणजे खालची पट्टी माणसाला वाचवते आणि वरची जाळी त्याला मारते. सरसकट बंदीच्या भाषेत हा फरक हरवला.

जनावराच्या बाजूने पाहिले तर बंपरची चर्चाच उशिराची आहे. काळवीट रात्री दिव्याच्या झोतात थिजते. कळपातले एक उडी मारून पलीकडे गेले की बाकीची मागोमाग येतात. पहिल्याला वाचवून हुश्श करणारा चालक तिसऱ्याला धडकतो. हे टाळण्याचा उपाय रस्त्यात असतो, गाडीत नसतो. नागपूरहून उत्तरेला पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, न्यायालयीन लढ्यानंतर, रस्ता उचलून खालून जनावरांना वाटा ठेवल्या गेल्या. असे नऊ मार्ग आहेत, ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत लांबीचे. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत अठरा जातींचे वन्यप्राणी आले. वाघ ८९ वेळा जाताना दिसला. जनावर नवी वाट शिकते, हे त्यातून सिद्ध झाले.

पण वाघ असला की पैसा आणि न्यायालय दोन्ही येतात. पाटोदा तालुक्यातले नायगाव अभयारण्य १९९४ साली मोरांसाठी झाले. क्षेत्र जेमतेम तीस चौरस किलोमीटर. आष्टीच्या पलीकडे, कर्जत तालुक्यात काळविटांसाठीचे रेहेकुरी अभयारण्य तर सव्वादोन चौरस किलोमीटरही भरत नाही. काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असले, तरी बीडचे बहुतेक काळवीट अभयारण्याबाहेर, लोकांच्या ज्वारी-हरभऱ्यात आणि गायरानांवर राहते. त्याच्यासाठी महामार्ग उचला असे कोण म्हणणार? शिरूर कासार तालुक्यात तागडगावला जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणारे केंद्र उभे राहिले ते स्थानिकांच्या हौसेतून आणि कष्टातून. माळावरच्या जनावराच्या वाट्याला येते ते असे.

आणि खरे सांगायचे तर चालकांच्या तोंडी आता वन्यप्राण्यांइतकाच वळूही येतो. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी बैल आणि वळूंनाही लागू झाली. तिच्या बऱ्यावाईटाचा वाद इथे नको. पण कामातून गेलेला बैल बाजारात विकणे अवघड झाले, दुष्काळात चारा महाग, आणि मोकळे सोडलेले जनावर रात्री कोरड्या, उबदार डांबरावर येऊन बसते, एवढे दिसते. चारशे किलोचे बसलेले जनावर, अंगाचा रंग अंधारासारखा. त्याच्यापुढे मिस्त्रीचे कुठलेही चॅनेल चालत नाही. उपयोगी पडतो तो वेग: ताशी ऐंशीवरून साठवर आले की धडकेतला जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. हा सर्वांत स्वस्त बंपर आहे, पण फेरीच्या हिशेबात तो मालकाला सर्वांत महाग पडतो.

गेल्या वर्षी पाटोद्याकडच्या एका वाडीत गेलो होतो. हरभऱ्याच्या एका शेताला तारेचे कुंपण होते आणि फाटक मात्र विचित्र दिसले: जाड नळ्यांचे, मधे बाक आलेले, वर पुसट झालेला पिवळा रंग. जवळ जाऊन पाहिले तर ट्रकपुढची जाळी. दंडाच्या भीतीने उतरवलेली, भंगारवाल्याकडून वजनावर घेतलेली. रात्री डुकरे आत येऊ नयेत म्हणून शेतकऱ्याने ती बिजागरीवर टांगली होती. खालची फट जरा मोठी होती, म्हणून तिथे त्याने बाभळीच्या फेसाट्या कोंबल्या होत्या.